सपाटीला गार, चढाला उकळी: थर्मोस्टॅट कुठला घ्यावा?

प्रश्न: नमस्कार काका. माझा ट्रक चाळिशीच्या घरातला आहे. सहा सिलिंडर, टर्बो नाही. दोन महिन्यांपूर्वी घेतला. मोकळी गाडी सपाटीला कितीही चालवा, पाण्याच्या तापमानाचा काटा ६० अंशांच्या वर येत नाही. सकाळी पांढरा धूर जाता जात नाही, डिझेलही जास्त पितो. भरलेली गाडी चढाला लागली की मात्र काटा ९५ च्या पुढे सरकतो, एकदा तर उकळलीच. मिस्त्रीनं हाउसिंग (थर्मोस्टॅट बसतो ती पेटी) उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही, आधीच्या मालकानं काढून टाकलेला. दुकानदारानं तीन दाखवले: ७१, ८२ आणि ८८ अंशांचे. यातल्या एकाला खाली चकती नाही, बाकी दोघांना आहे. मिस्त्री म्हणतो, ‘गाडी गरम होते ना, मग ७१ टाका, नाहीतर तसाच राहू द्या.’ मित्र म्हणतो ८८ नं डिझेल वाचेल. मी कुणाचं ऐकू?

— एक ट्रकमालक, स्वतःच गाडी चालवणारा

उत्तर: सपाटीला गाडी गार राहते ही एक तक्रार आणि चढाला तापते ही दुसरी, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दुखणं एकच आहे आणि ते त्या रिकाम्या हाउसिंगमध्ये आहे.

इंजिनाच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातून, गरम पाणी बाहेर येतं तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक वरच्या मोठ्या होज पाइपातून रेडिएटरला जाते. दुसरी आखूड असते, बायपासची, तिथून पाणी रेडिएटरला न शिवता थेट वॉटर पंपाकडे परत येतं. थर्मोस्टॅट या दोन्ही वाटांचा फाटकवाला असतो. इंजिन गार असताना वरचा वॉल्व्ह बंद आणि खालची वाट उघडी, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापतं. तापल्यावर वरचा वॉल्व्ह उघडत जातो आणि त्याच दांड्यावरची खालची चकती पुढे सरकून बायपासचं भोक झाकते. तुम्ही जिला ‘खाली चकती’ म्हणालात ती हीच.

आता थर्मोस्टॅट काढून टाकला तर काय होईल? दोन्ही वाटा कायम उघड्या. सपाटीला मोकळ्या गाडीत डिझेल इंजिनाची उष्णता मुळात कमी, त्यातलं बरंचसं पाणी सतत रेडिएटरमधून गार होऊन येणार, म्हणून काटा ६० वर बसून राहतो. चढावर उष्णता भरपूर, रेडिएटरला प्रत्येक थेंब हवा असतो, आणि नेमकं तेव्हा पाण्याचा मोठा वाटा बायपासच्या सोप्या वाटेनं गरमच्या गरम परत इंजिनात जातो. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरला असेल तर आणखीनच, कारण पाणी अडथळा नसलेली वाट धरतं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गार राहतं हे मी गॅरेजात पाय ठेवल्यापासून ऐकत आलोय. बायपास असलेल्या इंजिनात भर लोडवर नेमकं उलटं होतं.

आता आकडा. थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा हा तो उघडायला लागतो तेव्हाचा. ८२ चा थर्मोस्टॅट ८२ ला जेमतेम फट सोडतो, पुरता उघडायला ९५ च्या आसपास जावं लागतं. ७१ चा ८५ च्या सुमारास पूर्ण उघडतो. तुमचा काटा चढावर ९५ ओलांडतो. त्या क्षणी ७१ चा असो की ८२ चा, दोन्ही सताड उघडेच असणार! पुढे काटा कुठवर जाईल ते रेडिएटर, पंखा, बेल्ट आणि पंप ठरवतात, तिथे थर्मोस्टॅटचं काही चालत नाही. ७१ लावून चढ सुरू होताना पाणी दहा-अकरा अंशांनी गार मिळेल, पण तो फायदा पहिल्या काही मिनिटांत संपतो. त्याबदल्यात उरलेला सगळा वेळ इंजिन गार चालणार.

गार चालण्यात एवढं काय बिघडतं, असं मिस्त्री विचारेल. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, अर्थात वाफेच्या रूपात. लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) भिंत गार असेल तर त्यातली थोडी वाफ तिथेच धरते, डिझेलमधल्या गंधकाशी मिळून तिचं आम्ल होतं आणि ते लायनर आणि रिंगा खातं. अर्धवट जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करतं. तुमचा सकाळचा पांढरा धूर म्हणजे हेच न जळलेलं डिझेल. ऑइल भरायचं झाकण काढून आतल्या बाजूनं बोट फिरवा. दुधाळ, चिकट थर लागला तर ती वाफ कुठे गेली ते कळेल. (रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल तर मात्र हेड गॅसकेटचा संशय घ्यायचा. ते दुखणं वेगळं.)

मग मित्राचा ८८? जरा गरम चाललेलं इंजिन डिझेल कमी पितं, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ८८ चा पूर्ण उघडायला १०० च्या जवळ जातो, आणि जुन्या गाड्यांच्या रेडिएटरचं झाकण बहुधा ४ किंवा ७ पीएसआय (दाबाचं माप) दाब धरणारं असतं. ७ पीएसआय दाब नीट धरला तर साधं पाणी १११-११२ अंशांपर्यंत उकळत नाही. ‘नीट धरला तर’ हे महत्त्वाचं. झाकणाची स्प्रिंग मेली असेल, रबर कडक झालं असेल, तर पाणी १०० लाच उकळणार आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. शिवाय पंख्याला क्लच किंवा रेडिएटरपुढे आपोआप उघडणारी झडपं असतील तर त्यांचे आकडेही मूळ थर्मोस्टॅटला जुळवलेले असतात. एक बदलला की त्यांची आपसात ओढाताण सुरू होते.

तेव्हा आकडा इंजिनाच्या पुस्तकातला. अशा वयाच्या बऱ्याच ट्रक इंजिनांना तो ७९ ते ८३ च्या दरम्यान असतो, म्हणून तुमच्यासमोरच्या तिघांत ८२ चा बरोबर निघण्याची शक्यता जास्त. पण पुस्तकात बघूनच घ्या. जुन्या पुस्तकात कधी कधी दोन आकडे दिसतात, त्यातला खालचा ७१ च्या आसपासचा. पूर्वी पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल घालत, ते लवकर उडून जाई, म्हणून त्या दिवसांत थर्मोस्टॅट कमी आकड्याचा लावत. ग्लायकॉलचं कूलंट आल्यावर ती गरज संपली, पण तक्त्यातली ओळ तशीच छापली जात राहिली. मिस्त्रीच्या डोक्यातला ७१ तिथूनच आला असावा.

आकड्यावर मी एवढं लिहिलं कारण सगळे तेच विचारतात. फसगत मात्र मापात होते, आणि तिथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

नवखा होतो तेव्हाची गोष्ट. एका ट्रकला थर्मोस्टॅट बदलला. आकडा तोच, बाहेरचा व्यास तोच, हाउसिंगच्या खाचेत टिच्चून बसला, खाली चकतीही होती. मी खूश. चौथ्या दिवशी गाडी उकळून परत आली. मी रेडिएटर काढून धुतला, बेल्ट ताणला, पंप उघडून पाहिला, सगळं ठीक. शेवटी उस्तादांनी जुना आणि नवा थर्मोस्टॅट शेजारी शेजारी बाकावर उभे केले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. नवा बुटका होता! व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला. हाउसिंगच्या खाचेपासून बायपासच्या भोकापर्यंत खोली ४२ मिलिमीटर. जुना गार असताना ३६ भरायचा आणि गरम पाण्यात टाकल्यावर ४४, म्हणजे चकती भोकावर टेकून तिची स्प्रिंग २ मिलिमीटर दबायची. नवा गार ३०, गरम ३८. पूर्ण उघडला तरी चकती भोकापासून ४ मिलिमीटर अलीकडेच लटकत राहायची. त्या फटीतून पाणी बायपास होत होतं, आणि मी रेडिएटर धूत बसलो होतो.

तुमच्याकडे तर तुलनेला जुना थर्मोस्टॅटही नाही. म्हणून हाउसिंगलाच विचारावं लागेल. वरचा भाग काढून आत बॅटरीचा उजेड टाका. जिथे थर्मोस्टॅटची कड बसते त्या खाचेच्या खाली, समोरासमोर, घासून गुळगुळीत केलेली गोल कड असलेलं भोक दिसतंय का? दिसलं तर तुमच्या इंजिनाला चकतीवालाच हवा, आणि बिनचकतीचा फुकट मिळाला तरी घेऊ नका. काही इंजिनांत तिथे नुसतं बारीक भोक असतं, कायम उघडं राहणारं. त्यांना बिनचकतीचाच असतो आणि तेही बरोबर आहे. मग तीन मापं घ्या: खाचेचा व्यास, खाचेची खोली, आणि खाचेच्या तळापासून त्या भोकाच्या कडेपर्यंतचं अंतर. व्यास अर्धा मिलिमीटर कमी-जास्त असेल तर लगेच कळतं, तो बसतच नाही किंवा डुगडुगतो. तिसरं माप कुणी घेत नाही. तो कागद खिशात घालून दुकानात जा. घ्यायच्या थर्मोस्टॅटची लांबी, कडेच्या खालच्या बाजूपासून चकतीच्या तळापर्यंत, गार असताना त्या अंतरापेक्षा कमी हवी आणि उघडल्यावर तेवढी किंवा मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त. चकतीच्या मागे स्प्रिंग असेल तर ती जादाचं पोटात घेते. चकतीचा व्यास भोकापेक्षा मोठा हवा, हे सांगायला नको.

उघडल्यावरची लांबी कळायची तर त्याला गरम करावं लागतं, आणि नवा थर्मोस्टॅट पाण्यात घालून बघितल्याशिवाय मी आजही बसवत नाही. एक जुनं पातेलं, एक थर्मामीटर, हातभर दोरा. गार थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह अंगठ्यांनी किंचित दाबून उघडा, दोरा फटीत घाला आणि सोडा, वॉल्व्ह दोरा पकडून ठेवतो. आता त्या दोऱ्यानंच तो पाण्यात लोंबता ठेवा. तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा गरम असतो आणि आकडा खोटा येतो. थर्मामीटरही तसाच अधांतरी. आच मंद ठेवा, पळीनं पाणी ढवळत राहा. ७५ ला काही होत नाही, ७८ ला नाही, आणि ८१-८२ ला दोरा एकदम ढिला पडतो, थर्मोस्टॅट टुपकन खाली बसतो. तोच उघडण्याचा आकडा. दोन अंश इकडेतिकडे चालतं. एकदा खोक्यातून काढलेला कोरा करकरीत ८२ चा ९० होऊन गेले तरी दोरा सोडेना. कंपनीचं नाव सांगत नाही, पण तेव्हापासून ही सवय लागली. पाणी उकळीला आलं की चिमट्यानं बाहेर काढून झटकन व्हर्निअर लावा, कारण हवेत तो लगेच मिटायला लागतो. शेवटी गार झाल्यावर वॉल्व्ह पूर्ण बंद होतो का ते उजेडासमोर धरून बघा. तुम्ही उंचावर राहत असाल तर एक लक्षात असू द्या: १००० मीटरवर पाणी ९७ अंशांच्या आतच उकळतं. तिथे ८८ चा पातेल्यात पुरता उघडला नाही तर त्याला नावं ठेवू नका.

बसवताना मेणाची पितळी डबी इंजिनाकडे. तिच्यातलं मेण तापून फुगतं तेव्हाच वॉल्व्ह उघडतो. उलटा बसवलेला थर्मोस्टॅट मी पाहिलाय. डबीला गरम पाणी लागतच नाही आणि इंजिन शिजतं. कडेवर लोंबणारी बारीक पिन असेल तर ती हवा निघायची जागा. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर पिन सर्वांत वर ठेवा, आडवा बसत असेल तर कुठेही चालेल. पिन नसलेल्याला ड्रिलनं भोक पाडायची फॅशन आहे. करू नका. ज्या इंजिनाला हवा काढायची वेगळी नळी दिलेली असते, त्याला त्या भोकातून पाणी रात्रंदिवस रेडिएटरला गळत राहतं आणि काटा पुन्हा ६० वर. खाच खरवडून स्वच्छ करा, पॅकिंग मूळ जाडीचंच घ्या. सिलिकॉन लावायचंच असेल तर बोटावर पुसट. आत लोंबलेला गोळा सुटून रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतो. अॅल्युमिनियमचं हाउसिंग असेल तर बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे. एका बाजूनं आवळत गेलात की कान तुटतो, आणि जुन्या गाडीचं हाउसिंग शोधत फिरणं काय असतं ते तुम्हाला लवकरच कळेल.

पाणी सावकाश भरा, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवा. सपाटीवर काटा ८० च्या आसपास स्थिर झाला की निम्मं काम झालं. मग भरलेली गाडी चढाला न्या. तरीही काटा ९५ च्या पुढे गेलाच तर रेडिएटर आतून धुवायचा, त्याची जाळी मागच्या बाजूनं पाण्यानं उडवायची, बेल्ट आणि झाकण बदलायचं. झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग चाळीस वर्षं जुना आहे.

प्रश्न: माझ्या इंजिनात एकाच हाउसिंगमध्ये दोन थर्मोस्टॅट शेजारी शेजारी आहेत. एक जाम झालाय, दुसरा व्यवस्थित उघडतो. एकच बदलला तर चालेल का?

उत्तर: दोन्ही बदला, एकाच बनावटीचे, एकाच आकड्याचे. मोठ्या इंजिनाला पाणी जास्त लागतं, ते दोघांत वाटून दिलेलं असतं. नवा ८२ ला उघडणार, जुना सुस्तावून ८७ ला, मग आधी उघडणाऱ्यावर सगळा भार. पुस्तकात मुद्दाम दोन वेगळे आकडे दिले असतील तर अर्थात ते पाळायचे, आणि कुठला कुठल्या बाजूला होता ते काढतानाच खुणेनं लिहून ठेवायचं. ‘व्यवस्थित उघडतो’ ते पाण्यात घालून पाहिलंत की नुसतं नजरेनं?

प्रश्न: आजोबांच्या वेळच्या ट्रकचं इंजिन उतरवलं. थर्मोस्टॅट निघाला तो पेटीच्या भात्यासारखा, पितळी घड्या असलेला. तसा आता मिळत नाही. हल्लीचा मेणवाला बसेल का?

उत्तर: बसेल, पण आधी एक गोष्ट बघा. तुमच्या भात्याच्या बाहेरून एक गोल पत्र्याची बाही आहे का, वॉल्व्हबरोबर वर सरकणारी? जुन्या बऱ्याच इंजिनांत बायपासचं भोक तळाला नसून हाउसिंगच्या बाजूच्या भिंतीत असतं, आणि ती बाही वर सरकून ते झाकते. हल्लीच्या मेणवाल्याला सहसा बाही नसते. त्याची खालची चकती बाजूचं भोक झाकू शकत नाही, आणि तुम्ही पहिल्या प्रश्नातल्या ट्रकमालकाच्या रांगेत जाऊन बसाल. बाही असलेला मेणवाला मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर बायपासच्या पाइपात भोक पाडलेली चकती बसवून वाट अरुंद करायची. पूर्ण बंद करायची नाही, कारण थर्मोस्टॅट मिटलेला असताना पंपाचं पाणी कुठेतरी फिरलं पाहिजे, नाहीतर हेडमध्ये एखाद्या कोपऱ्यात वाफ धरेल आणि थर्मोस्टॅटच्या डबीपर्यंत गरम पाणी वेळेवर पोचणारच नाही.

बदलण्यात तोटा काही नाही. भात्यात लवकर उडणारा द्रव भरलेला असतो. त्याची वाफ होऊन भाता फुगतो, म्हणून बाहेरून पाण्याचा दाब वाढला की त्याचा आकडा सरकतो. मेणाच्या डबीवर दाबाचा जवळजवळ परिणाम होत नाही. मेण वितळताना फुगतं आणि दांडा ढकलतं, इतकंच. ही मेणाची युक्ती १९३० च्या दशकातली, सर्जियस व्हर्ने या संशोधकाची. दाबाची झाकणं सर्रास झाली तसे भाते मागे पडले. भात्याचा एक गुण मात्र होता. तो फुटला की बहुधा उघडाच राहायचा, गाडी गार चालायची पण घरी पोचायची. मेणवाला बंद अवस्थेतही अडकू शकतो, तेव्हा काट्यावर नजर ठेवा. आणि तो जुना भाता फेकू नका. पातेल्यात घालून कितीला फुगतो ते बघा आणि मला कळवा, मूळ आकडा त्याच्याकडूनच कळेल.